शेवटी ‘ली’ असेल तरच तो शब्द क्रियाविशेषण असतो का?

आपला प्रश्न असा आहे की इंग्रजीत विशेषणाला ‘ली’ जोडला की क्रियाविशेषण तयार होते, असे शाळेत शिकवलेले असताना ‘ही रन्स फास्ट’ हे वाक्य बरोबर कसे, आणि ‘ली’ असूनही ‘फ्रेंडली’ हे विशेषण कसे. मीही हा नियम पाठ केला होता आणि त्यानेच मला बरीच वर्षे चकवले.

याचे मूळ जुन्या इंग्रजीत आहे. तेव्हा विशेषण घडवणारा ‘लिक’ आणि क्रियाविशेषण घडवणारा ‘लीचे’ असे दोन वेगळे प्रत्यय होते. पुढे उच्चार झिजून दोन्हींचा ‘ली’ झाला, म्हणून ‘फ्रेंडली’ विशेषण आणि ‘स्लोली’ क्रियाविशेषण असूनही दोघांचे शेपूट सारखेच दिसते. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ यांच्या क्रियाविशेषण रूपांना नुसता ‘ए’ लागत असे. तो गळून पडला आणि मूळ विशेषणासारखेच रूप उरले. ‘हार्डली’ मात्र अर्थाने दूर गेला: ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो, तर ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो काम जवळजवळ करतच नाही.

म्हणून शब्दाचे शेपूट पाहण्याऐवजी तो वाक्यात कोणाविषयी सांगतो (व्यक्ती-वस्तूविषयी की क्रियेविषयी) ते पाहावे, असे मी सुचवेन. येथे आपली मराठी थोडी आडवी येते, कारण आपण ‘तो चांगला पोहतो’, ‘ती चांगली पोहते’ असे म्हणतो. शब्द पोहण्याविषयी सांगतो, पण लिंग कर्त्याचे घेतो. (म्हणजे हे रूप बदलणारे, सविकारी क्रियाविशेषण आहे.) त्या सवयीने ‘शी स्विम्स गुड’ तोंडात येते, प्रमाण इंग्रजीत तेथे ‘वेल’ हवे. याउलट ‘शी लुक्स हॅपी’ या वाक्यात ‘हॅपिली’ चालत नाही, कारण आनंदी ती आहे, तिचे दिसणे नव्हे.

जागेच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो. ‘तो इंग्रजी छान बोलतो’ या वाक्यात ‘छान’ क्रियापदाला चिकटून येते, म्हणून आपण ‘ही स्पीक्स वेल इंग्लिश’ म्हणून जातो. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये असा शब्द सहसा घालत नाहीत, त्यामुळे ‘ही स्पीक्स इंग्लिश वेल’ असेच म्हणावे लागते.