चिखलातील जांभळा थर आणि पानातला प्राणवायू

प्रश्न : आमच्या गावाला लागून खाजन जमीन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल जमीन) आहे. मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, पाणी साचून राहते, तिथल्या काळ्या, कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या चिखलावर जांभळट थर दिसतो. हे जीवाणू झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशावर जगतात असे ऐकले. मग ते प्राणवायूही सोडतात का? हे कोणी शोधले? (एक शिक्षिका, पेडणे)

उत्तर : तुमच्या वर्णनावरून तो थर जांभळ्या गंधक-जीवाणूंचा असावा. (मिठागरातल्या दाट खाऱ्या पाण्याला येणारी तांबूस छटा मात्र वेगळ्या, मीठप्रिय सूक्ष्मजीवांची असते; या दोहोंची गल्लत नेहमी होते.) हे जीवाणू प्रकाशाच्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात, पण प्राणवायू मुळीच सोडत नाहीत, आणि त्यांच्या या वेगळेपणातूनच वनस्पतींचे कोडे सुटले.

ते सोडवणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कॉर्नेलिस व्हॅन नील (१८९७–१९८५) मूळचे हॉलंडमधील हार्लेमचे. डेल्फ्टला शिकून ते कॅलिफोर्नियातील हॉपकिन्स सागरी केंद्रात गेले आणि तिथेच आयुष्यभर रमले. पानांतून निघणारा प्राणवायू कार्बन डायऑक्साइड फुटून येतो, अशी त्या काळी समजूत होती. व्हॅन नील यांच्या ध्यानात आले की, वनस्पती जिथे पाणी वापरतात तिथे हे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तुम्हाला वास येतो तोच वायू, वापरतात आणि प्राणवायूऐवजी गंधक मागे उरते. त्याचे चकाकणारे कण जांभळ्या जीवाणूंच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हे गंधक जर हायड्रोजन सल्फाइडमधून येते, तर त्याच न्यायाने वनस्पतींचा प्राणवायू पाण्यातूनच यायला हवा, असे अनुमान त्यांनी काढले. चिखलातल्या जीवावरून साऱ्या हिरव्या सृष्टीचा हिशेब मांडणारे इतके देखणे अनुमान जीवशास्त्रात विरळाच. १९४१ मध्ये रुबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी जड प्राणवायू (नेहमीपेक्षा जड अणूंचा, म्हणून माग काढता येणारा) असलेले पाणी शैवालाला देऊन ते खरे ठरवले. प्रकाशामुळे जीवाणूंतही आधी पाणीच फुटते, हे व्हॅन नील यांचे मत मात्र पुढे टिकले नाही.

व्हॅन नील शिक्षक म्हणूनही थोर होते. पुढे नोबेल मिळवणारे आर्थर कोर्नबर्ग त्यांच्या उन्हाळी वर्गाला बसले होते.

तुमच्या मुलांना हे वर्गातच दाखवता येईल. पारदर्शक बाटलीत तो चिखल, कागदाचे कपटे आणि अंड्याचा थोडा बलक एकत्र घालावा, वर तिथलेच पाणी ओतून झाकण सैल लावावे आणि बाटली खिडकीशी, थेट ऊन लागणार नाही अशी ठेवावी. काही आठवड्यांनी रंगीत पट्टे उमटू लागतात. हिरवे गंधक-जीवाणू हायड्रोजन सल्फाइडचे जास्त प्रमाण सोसतात, म्हणून ते खाली राहतात आणि जांभळा पट्टा त्यांच्या वर बसतो.