फ्रान्समधली पहिली सायकल सफर? गारोनचा काठ धरा

पहिलीच वेळ असेल तर ल्वार नदीकाठचे राजवाडे तूर्त राहू द्या, दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहराहून कालवा धरा. मात्र दिशा बघून. पश्चिमेला बोर्दो शहराच्या दिशेने गारोन कालव्याचा काठ जवळजवळ सगळा डांबरी, सपाट, मोटारींचं नाव नाही. पूर्वेचा कालवा, कानाल द्यु मिदी, १७व्या शतकातला, नावाजलेला; पण पन्नासेक किलोमीटरनंतर माती, खडी आणि चिनारच्या जातीच्या झाडांची वर आलेली मुळं. बारीक टायर नेलेत तर हाडं खिळखिळी होतील. ३५ मिमीच्या खाली जाऊच नका.

खरी पंचाईत रस्त्याची नाही, पोटाची. खेड्यातली दुकानं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात, ती दोनशिवाय उघडत नाहीत; रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारीही शुकशुकाट. ब्रेड, चीज, फळं सकाळीच पिशवीत टाका. शाकाहारी असाल तर हे आणखीच महत्त्वाचं. पाणी संपलं तर गावची दफनभूमी गाठा, तिथे बहुधा नळ असतो. हसू नका, मुरलेले सायकलस्वार तेच करतात. फक्त ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी दिसली तर बाटली भरू नका.

परतीला टीईआर या प्रादेशिक रेल्वेगाडीत सायकल चढवता येते. उन्हाळ्यात काही मार्गांवर सायकलचंही आरक्षण लागतं, ते आधी बघा.