तुमचे प्रश्न : माहिती केंद्राचा ताबा घ्यावा का?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, मालगुजारी तलावाच्या पाळीले लागून हाय. हिवाळ्यात बाहेरदेशचे पक्षी येतात, पावसाळ्यात धानाच्या बांधीत सारस दिसते, नागपूरकडचे लोक कॅमेरे घेऊन येतात. तलावाले 'क' वर्ग पर्यटन स्थळाचा दर्जा भेटला, नियोजन समितीच्या पैशातून पर्यटक माहिती केंद्राची इमारत झाली, मार्चमधी बिल निघालं, तवापासून कुलूपच हाय. आता म्हनतात ग्रामपंचायतीनं ताबा घ्या. अर्धे सदस्य म्हनतात कायले घ्याचं, लाइट बिल कोन भरन, गावात नाल्या नाही अन् पर्यटन करता का. काय करावं?
— एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : भाऊ, ताबा घ्या, पण समोर आलेल्या कागदावर लगेच सही करू नका. आणि नालीवाल्या सदस्यांवर चिडू नका, त्यांचं म्हणणं खरं आहे, फक्त नालीचा पैसा आणि या इमारतीचा पैसा एका खिशातला नाही एवढं त्यांना शांतपणे समजावून सांगा. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री अध्यक्ष असतात, कलेक्टर सदस्य सचिव, तिथून पर्यटनासाठी आलेला निधी मुख्यतः कामांवर लागतो आणि 31 मार्चच्या आत लावायचा असतो, म्हणून भिंती भराभर उभ्या राहतात. रोज सकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाची मजुरी मात्र त्या एस्टिमेटमध्ये नसते, आणि माझ्या मते विदर्भातल्या कितीतरी अशा इमारती इथंच मरतात, पर्यटक येत नाहीत म्हणून नाही.

मग वित्त आयोगाच्या पैशातून माणूस ठेवता येईल का? नाही. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, उरलेले 40 टक्के अबंधित, म्हणजे मोकळे, पण अबंधित पैशातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे 29 विषय आहेत, त्यात पर्यटन हा विषय नाहीच, पण सामुदायिक मालमत्तेची देखभाल आहे, बाजार-जत्रा आहे, सांस्कृतिक कार्यक्रम आहे, मत्स्यव्यवसाय आहे. तर ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम टाकताना या विषयांखाली टाका. केंद्राच्या शौचालयाची दुरुस्ती स्वच्छतेच्या भागातून मागता येईल, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि पंचायत समितीला विचारून घ्या.

आता ताब्याचं. सही करण्याआधी इंजिनिअरला सोबत घेऊन इमारत पहा, तुम्ही, सरपंच, आणि ज्या सदस्यांचा विरोध आहे ते तर नक्कीच. छतावर टाकी आहे का, तिच्यात पाणी चढते का, शौचालयाचा नळ सुरू होतो का, दाराची कडी आतून लागते का (ही एक कडी नसली तर बाया दिवसभर तिथं थांबत नाहीत, मग त्यांच्यासोबतची माणसंही निघतात). लाइटचं मीटर कोणाच्या नावावर आहे, कोणत्या वर्गवारीत आहे, मागची थकबाकी किती. पावसात गळते काय ते पाऊस असतानाच कळते. जे अपुरं असेल ते पंचनाम्यात लिहा, दुरुस्ती झाल्यावरच ताबा, आणि तसं पत्र आवक-जावकमध्ये नोंदवून ठेवा. इमारत कोणत्या जमिनीवर आहे तेही पहा, वनजमीन किंवा पाटबंधारेची जमीन असेल तर त्या खात्याचं लेखी पत्र आधी.

राहिला रोजचा खर्च. तो गावातूनच उभा करावा लागेल, आणि तो फार मोठा नाही. पाळीवर गाड्या आडव्यातिडव्या लागतात ना, तिथं ग्रामसभेत ठराव घेऊन पार्किंगची पावती सुरू करा, पावती पुस्तक ग्रामपंचायतीचंच, पैसा ग्रामनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या खात्यात. केंद्र महिला बचत गटाला किंवा ग्रामसंघाला चालवायला द्या, त्या तिथं चहा-नाश्ता, उकडलेले शिंगाडे, घरचा तांदूळ विकतील, बदल्यात सकाळी केंद्र उघडायचं, झाडायचं, बिल भरायचं, हे करारात लिहून घ्या. माहिती सांगायला शहरातून कोणी आणू नका. तलावावर जाळं टाकणारा ढिवर माणूस कोणतं पाखरू कधी येते, कुठं बसते ते कोणत्याही बोर्डापेक्षा चांगलं सांगतो, मच्छीमार सोसायटीशी बोला, त्यातल्या दोघा-तिघांना गाइड करा, पैसा थेट त्यांच्या हातात जाऊ द्या. हे झालं तर विरोध करणारे सदस्यच उद्या कुलूप उघडायला येतील असं मला मनापासून वाटते.

प्रचारावर आधी खर्च करू नका. नवेगाव-नागझिऱ्याला सकाळची सफारी करून आलेला माणूस दुपारी रिकामा असतो, त्याला तुमचा रस्ता सापडला पाहिजे, तर डांबरी रोडच्या फाट्यावर एक पक्का बोर्ड, मोबाइलच्या नकाशावर बरोबर जागा आणि एक चालू फोन नंबर, बस. दिवाळीनंतर तुमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, बाहेरगावचे पाहुणे येतात, रात्री नाटक असते, केंद्र त्या दिवसात सुरू करा म्हणजे आधी आपल्याच माणसांना ते आपलं वाटेल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करते. ती जागा केंद्रातून कोणालाही सांगू नका, फोटोवाला कितीही पैसे देवो. महाराष्ट्रात सारस उरले ते जवळपास सगळे तुमच्याच जिल्ह्यात, आणि ते टिकले आहेत ते शेतकऱ्यांमुळे.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीनं गावाच्या पर्यटन जाहिरातीवर फ्लेक्स आन् व्हिडिओचा खर्च दाखवला, आम्हाले तर फ्लेक्स दिसलाच नाही. हिसाब कुठी पाहाचा?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : पहिले ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडा, तिथं गावाचं नाव टाकलं की वित्त आयोगाच्या पैशाचा आराखडा आणि खर्च दिसतो. ग्रामनिधीतून खर्च असेल तर तिथं सापडणार नाही, मग ग्रामसभेत विचारा आणि उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा. तरीही नाही मिळालं तर 2005 च्या माहिती अधिकारात 10 रुपये फी लावून अर्ज, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागते. अर्जात "सगळा हिशोब द्या" असं लिहू नका, अमुक वर्षाची जाहिरातीची बिलं, व्हाउचर आणि कामाचे फोटो एवढंच नेमकं मागा.

प्रश्न : ताडोबाच्या बफरमधलं गाव आहे, शेतात दोन खोल्या रिकाम्या आहेत. पाहुणे ठेवायला सरकारी पैसा भेटते का?
— एक शेतकरी ताई, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी नोंदणी करा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, त्यांचं विभागीय कार्यालय नागपूरला आहे. सातबारा, आधार, खोल्यांचे फोटो सोबत न्या. तुमचं गाव बफरमध्ये आहे तर वनविभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेचंही विचारा, ती 2015 पासून अशाच गावांसाठी आहे आणि गावातल्या समितीमार्फत चालते. कर्ज काढून तिसरी खोली आत्ता बांधू नका, या दोन खोल्यांचा एक हंगाम पाहून घ्या, पावसाळ्यात कोअरची (आतल्या मुख्य जंगलाची) सफारी बंद असते तेव्हा खोल्या रिकाम्या राहतील तेही धरून.