शून्य हल्ल्यांचा रकाना

या वेळच्या टपालात चार पत्रं विद्यापीठांच्या सायबर सुरक्षेवरची निघाली. लिहिणारे चौघं वेगवेगळे, पण घोडं साधारण एकाच ठिकाणी अडलेलं, म्हणून सगळी एकत्रच घेतोय. पहिल्या उत्तरात जरा जास्त वेळ गेलाय, सांभाळून घ्या.

प्रश्न : मी एका विद्यापीठाच्या आयटी विभागात आहे. मॅनेजमेंटने सांगितलं की आपल्यासारख्या पाच विद्यापीठांशी सायबर सुरक्षेची तुलना करून एका पानावर द्या. मी एक्सेल शीट केली, रकाने असे : आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट) आहे का, लेखी पॉलिसी आहे का, दरवर्षी ऑडिट होतं का, आणि पाच वर्षांत किती हल्ले झाले. शून्य हल्ले असले की हिरवा रंग. आता झालंय असं की ज्या विद्यापीठाची टीम आमच्यापेक्षा कितीतरी भारी आहे हे मला पक्कं माहितीय तेच सगळ्यात खाली गेलंय आणि आम्ही वरून दुसरे. साहेब खूश आहेत. मला मात्र हे पान पुढे पाठवायची लाज वाटतेय. काय करू?

उत्तर : तो हल्ल्यांचा रकाना आधी काढून टाका, बाकीचं नंतर बघू.

शून्य हल्ले म्हणजे झाकली मूठ. ती उघडली की आत काय निघेल सांगता येत नाही, कारण कुणी आलंच नाही म्हणूनही शून्य असतं आणि येऊन गेलेलं कुणाला कळलंच नाही म्हणूनही शून्यच असतं, एक्सेलला दोन्ही सारखेच हिरवे दिसतात. ब्रिटनचं सरकार दरवर्षी एक सर्व्हे करतं, त्यात २०२४ साली साधारण ५० टक्के कंपन्यांनी सांगितलं की वर्षभरात एखादा हल्ला किंवा घुसखोरी आमच्या लक्षात आली, आणि उच्च शिक्षण संस्थांमध्ये हाच आकडा ९७ टक्के होता. यात साध्या फिशिंगच्या, म्हणजे फसवून लिंक उघडायला किंवा पासवर्ड द्यायला लावणाऱ्या मेलही धरलेल्या आहेत, त्यामुळे ९७ वाचून घाबरायचं कारण नाही, पण प्रश्न 'लक्षात आला का' असा होता हे विसरू नका. अशा परिस्थितीत पाच वर्षं शून्य लिहिणारं विद्यापीठ दिसलं तर मी तिथे लॉग, म्हणजे सिस्टिममध्ये कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी, कोण बघतं हे आधी विचारेन.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या एका वरिष्ठांच्या मेलबॉक्सवर एक मेल आली, त्यातल्या लिंकवर कुणी क्लिकसुद्धा केलं नव्हतं, नुसती प्रिव्ह्यूमध्ये उघडली आणि तेवढ्यावर काम झालं. पुढे हल्लेखोर आत फिरत राहिले, कर्मचारी, पैसे आणि विद्यार्थी यांची माहिती ज्या सिस्टिममध्ये असते तिथपर्यंत पोचले, त्यात १९ वर्षांपूर्वीपर्यंतचा डेटा होता. हे उघडकीला आलं २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये, तेही यांनी आपणहून नेटवर्कची शोधाशोध सुरू केली म्हणून. मग ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाने सगळा प्रकार, स्वतःच्या चुकांसकट, रिपोर्ट लिहून जाहीर केला. तुमच्या शीटमध्ये हे विद्यापीठ लाल आणि ज्याने शोधाशोधच केली नाही ते हिरवं. म्हणून तर तुम्हाला लाज वाटतेय, आणि बरोबर वाटतेय.

आता सर्टिफिकेटचा रकाना. आयएसओ २७००१ वाईट नाही, मी अजिबात त्याच्या विरोधात नाही, पण सर्टिफिकेटवर एक स्कोप, म्हणजे ते कशाकशाला लागू आहे ते, लिहिलेला असतो तो कुणी वाचत नाही. कित्येकदा स्कोप म्हणजे फक्त डेटा सेंटर किंवा फक्त परीक्षा विभाग. बाकी विद्यापीठ, म्हणजे लॅब, हॉस्टेलचं वायफाय, लायब्ररी, विभागांनी आपापल्या पैशाने घेतलेले सर्व्हर, सगळं रेषेबाहेर. घराच्या एका खोलीला कुलूप लावून घर बंद केलं म्हणण्यातला प्रकार. मी एकदा एका ठिकाणी ऑडिटला मदत म्हणून गेलो होतो, यादीत जेवढे सर्व्हर होते त्याच्या जवळजवळ दुप्पट नेटवर्क स्कॅनमध्ये निघाले, त्यातला एक कुणाच्या तरी टेबलाखाली धूळ खात चालू होता, ज्यांचा तो होता ते प्राध्यापक रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, आणि त्याच्यावर एका जुन्या कॉन्फरन्सची वेबसाइट अजून बाहेरून दिसत होती. पॉलिसी मात्र एकदम चकाचक, स्पायरल बाइंडिंग करून.

तर रकान्यांची दोन टोपल्यांत वाटणी करा. पहिल्या टोपलीत धोका, म्हणजे या विद्यापीठाकडे चोरण्यासारखं किंवा बंद पाडण्यासारखं काय आहे. हॉस्पिटल जोडलेलं आहे का, संरक्षण खात्याचा रिसर्च चालतो का, कार्डने फी घेतात का, किती कॅम्पस आहेत, प्रत्येक विभाग आपला आयटी आपणच चालवतो का. याच्यावर कुठले नियम लागू होतात तेही यातूनच निघतं. अमेरिकेत एकाच विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी १९७४ चा फर्पा, पेशंटच्या माहितीसाठी हिपा, शैक्षणिक कर्जासाठी बँकांना लागतो तोच ग्रॅम-लीच-ब्लायली कायदा, कार्डासाठी पीसीआय, आणि संरक्षणाच्या कामासाठी निस्टचा (ही अमेरिकेची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) ८००-१७१ असे सगळे एकदम लागू होऊ शकतात. युरोपातल्याला जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा, तिथे डेटा फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत कळवायचं. ज्याला यातले पाच नियम लागतात आणि ज्याला एकच, त्यांची 'कम्प्लायन्स (म्हणजे नियमपालन) ९० टक्के' अशी तुलना करण्यात काय अर्थ आहे? दहावीच्या ९० टक्क्यांची एम.एस्सी.च्या ९० टक्क्यांशी तुलना करण्यासारखं ते.

दुसऱ्या टोपलीत तयारी. इथे हो-नाही वाले प्रश्न नकोत, तारखा आणि आकडे मागा. बॅकअपवरून खरंच रिस्टोर करून शेवटचं कधी पाहिलं आणि किती तास लागले. कर्मचारी सोडून गेल्यावर त्याचं अकाउंट किती दिवसांनी बंद होतं. एमएफए (पासवर्डशिवाय फोनवरचा कोड किंवा तशी दुसरी खात्री) किती जणांना आहे, आणि कुणाला सूट दिलीय (सूट कुणाला दिलीय यात बहुतेक वेळा कुलगुरूंचं ऑफिस निघतं, हा माझा अनुभव, लिहा नका लिहू). नेटवर्कवर सापडलेली किती मशीन यादीत नव्हती. दुसऱ्या विद्यापीठांकडून ही उत्तरं मिळतील का, तर निम्मी मिळणार नाहीत. तिथे रिकामी जागा ठेवा आणि राखाडी रंग द्या, अंदाजाने हिरवं करू नका. आणि साहेबांना देताना नंबर लावूच नका, पहिला-दुसरा म्हटलं की पुढचं कुणी वाचत नाही.

प्रश्न : मी प्राध्यापक आहे. आमचा रिसर्च सगळा पब्लिश होतो, कोडही ओपन. चोरायला आहे काय? पण आयटीवाले मागे लागलेत, अँटिव्हायरस टाका, एमएफए लावा, हे फॉर्म भरा. स्कोअर त्यांचा वाढणार आणि डोकेदुखी आम्हाला. याला काही उपाय?

उत्तर : सर, तुमचा रिसर्च नको असेल हो कुणाला, पण तुमचं लॉगिन हवंय. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने नऊ इराणी नागरिकांवर आरोपपत्र ठेवलं, त्यात हल्ला झालेली १४४ अमेरिकन विद्यापीठं आणि २१ इतर देशांतली १७६ विद्यापीठं होती. या लोकांनी सुमारे एक लाख प्राध्यापकांच्या अकाउंटवर नेम धरला, त्यातली साधारण आठ हजार हाती लागली आणि ३१.५ टेराबाइट माल गेला असं आरोपपत्रात आहे. मेल कशी, तर दुसऱ्या विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाने लिहिल्यासारखी, तुमचा पेपर वाचला, छान वाटला, हे आणखी दोन लेख बघाल का. लिंकवर गेलं की आपल्याच विद्यापीठासारखं दिसणारं खोटं लॉगिनचं पान. कौतुकाची मेल कोण सोडतो?

स्कोअरचं म्हणाल तर त्यात तुमचं पूर्ण चूक नाही, नुसत्या स्कोअरसाठी केलेली कामं मीही भरपूर पाहिलीत. पण स्कोअर कुणाचा, हा प्रश्न कोर्टात गेलाय. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या एका लॅबमध्ये संरक्षण खात्याचं काम चालायचं, तिथे अँटिव्हायरस टाकलेलाच नव्हता असा सरकारचा आरोप होता, आणि वर संरक्षण खात्याकडे ९८ हा स्कोअर कळवला होता. ही मोजणी निस्ट ८००-१७१ च्या ११० अटींवर होते, वरचं टोक ११० आणि खालचं टोक उणे २०३, म्हणजे ९८ हा दिसायला झकास आकडा. सरकारचं म्हणणं असं की तो आकडा लॅबचा नव्हताच, कागदावरच्या एका काल्पनिक सिस्टिमचा होता. तक्रार कुणी केली, तर त्यांच्याच सायबर टीममध्ये काम केलेल्या लोकांनी. २०२५ मध्ये ८ लाख ७५ हजार डॉलरवर तडजोड झाली, चूक कबूल न करता. त्याच्या आदल्या वर्षी पेन स्टेट विद्यापीठाने अशाच प्रकारच्या प्रकरणात १२.५ लाख डॉलर दिले होते. या दोन्ही प्रकरणांत हॅकर कुठेच नाही बरं का. कागदावर एक आणि खोलीत एक, एवढंच.

तुमच्या डोकेदुखीला मात्र उपाय आहे. मायक्रोस्कोपला किंवा एखाद्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर असतो, त्यावर अँटिव्हायरस टाकला की मशीनच अडतं, हे खरंय आणि आयटीवाल्यांना ते बऱ्याचदा पटत नाही. तिथे भांडत बसू नका, लेखी अपवाद मागा : हा कॉम्प्युटर, हे कारण, त्याबदल्यात तो वेगळ्या नेटवर्कवर ठेवणार, इंटरनेट बंद, आणि अमुक तारखेला परत बघणार. असा अपवाद ऑडिटमध्ये चालतो. गुपचूप काढून टाकलेला अँटिव्हायरस चालत नाही. एमएफएला मात्र अपवाद मागू नका प्लीज.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे. अ‍ॅडमिशन घेताना दोन विद्यापीठांच्या वेबसाइट बघितल्या, एकावर सुरक्षेचे मोठे लोगो आहेत, दुसऱ्यावर काहीच नाही. पहिल्याकडे माझा डेटा जास्त सेफ असेल का?

उत्तर : लोगोवरून कळणार नाही. तुझा डेटा विद्यापीठापाशीच राहतो असंही नाही, तो फीच्या कंपनीकडे जातो, हॉस्टेलच्या अ‍ॅपकडे, माजी विद्यार्थ्यांच्या डेटाबेसकडे. २०२३ मध्ये मूव्हइट नावाच्या फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं तेव्हा अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका संस्थेकडून जवळपास ९०० कॉलेज-विद्यापीठांचा डेटा गेला, आणि त्यासाठी त्या विद्यापीठांच्या स्वतःच्या सर्व्हरना धक्का लावायची गरजही पडली नव्हती. तू दोन्हीकडे एकच मेल कर : माझी माहिती बाहेरच्या कुठल्या कंपन्यांना देता आणि कोर्स संपल्यावर ती किती वर्षं ठेवता. उत्तर सरळ येतं की चार जणांकडे फॉरवर्ड होत फिरतं, त्यावरून बरंच कळेल. आणि विद्यापीठाच्या अकाउंटचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नकोस.

प्रश्न : आमच्याकडे रोज रात्री बॅकअप होतो. मग खंडणीवाल्या व्हायरसची एवढी भीती कशाला? (कुलसचिव कार्यालयातून)

उत्तर : बॅकअप कुठे ठेवलाय? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाकडेही बॅकअप होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये फिशिंगच्या मेलमधली लिंक उघडली गेली, दोन महिने कुणाला पत्ता नाही, आणि ख्रिसमसच्या तोंडावर २६७ सर्व्हर लॉक झाले, त्यात काही बॅकअपचे सर्व्हरही होते कारण ते त्याच नेटवर्कवर ऑनलाइन होते. विद्यापीठाने ३० बिटकॉइन मोजले, तेव्हाचे साधारण दोन लाख युरो. (पुढे पोलिसांनी त्यातला थोडा भाग पकडला आणि बिटकॉइनचा भाव चढल्यामुळे २०२२ मध्ये त्याचेच पाच लाख युरो झाले होते, असं नशीब आपल्याला मिळेल असं समजून चालू नका.) तेव्हा बॅकअपची एक कॉपी तरी नेटवर्कपासून तोडलेली हवी, आणि ती वर्षातून एकदा तरी रिस्टोर करून बघितलेली हवी.

दुसरी गोष्ट तुमच्याच ऑफिसची आहे, आयटीची नाही. त्याच डिसेंबरात जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठावर हल्ला झाला, सगळं बंद करावं लागलं आणि ३८ हजार लोकांना नवे पासवर्ड द्यायची वेळ आली. मेलने पाठवायचे तर मेल बंद, शिवाय तिथल्या रिसर्च नेटवर्कच्या नियमांप्रमाणे माणसाची ओळख समोरासमोर पटवणं भाग होतं. शेवटी विद्यापीठाच्या जिममध्ये ओळखपत्र घेऊन रांगा लागल्या आणि पासवर्ड कागदावर हातात दिले. तुमच्याकडे ही वेळ आली तर रांग कुठल्या हॉलमध्ये लावायची, ओळखपत्र तपासायला टेबलावर कोण बसणार आणि मेल बंद असताना त्या माणसांना निरोप कसा जाणार, हे आत्ताच ठरवून ठेवा. फोन नंबरांची यादी छापून कपाटात ठेवा, ती कॉम्प्युटरवर असून त्या दिवशी उपयोग नाही.