दिवसातून किती वेळा तोंड चालतं?

प्रश्न : अक्कलकोट रोडला यंत्रमागावर रात्रपाळी करतो. झोप येऊ नये म्हणून सात-आठ वेळा कटिंग होतो, सोबत एखादं बिस्किट. मिठाई मला आवडतच नाही, तरी तीन दाढा किडल्या. असं कसं?

मिठाई खात नाही म्हणजे साखर खात नाही, असं नसतं दादा. एका कटिंगला दोन चमचे धरले तरी आठ वेळांची साखर साठ ग्रॅमच्या पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं सुचवते.

पण तुमच्या दाढा किडण्यात साखर किती, यापेक्षा किती वेळा, याचा वाटा मोठा आहे. दातांवरच्या चिकट थरात जंतू राहतात. साखर मिळाली की ते काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू (pH; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम विरघळू लागतं. मग लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि झीज थोडी थोडी भरून आणते. त्याला अर्धा ते एक तास लागतो. तुमच्या तोंडात तेवढ्यात पुढचा चहा येतो, म्हणजे लाळेला रात्रभर सवडच नाही. त्यात बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचांत बसून राहतो.

चहा सोडा, असं मी म्हणणार नाही. पाळीत साखरेचा दोनदाच घ्या, एका बैठकीत संपवा आणि वर पाण्याने खळखळून चूळ भरा. मधला चहा बिनसाखरेचा असू द्या. बिस्किटाऐवजी मूठभर भाजके शेंगदाणे ठेवा. पाळीवरून घरी आल्यावर, झोपण्याआधी, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दात घाण ठेवून झोपणं सर्वांत महाग पडतं.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय झोपत नाही. पुढचे वरचे दात तपकिरी झालेत. सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात आहेत, पडतील.

पुढचे दात पडायला अजून चार वर्षं आहेत, आणि दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. त्या लवकर गेल्या तर खालून येणाऱ्या दातांची जागा कमी होते. तोवर ठणका सोसायचा तो लेकरानेच. आधी साखर बंद करा. मग रोज दुधात थोडं थोडं पाणी वाढवत न्या, दोन आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी उरेल. दूध कपाने, झोपण्याआधी. नंतर तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टने दात तुम्हीच घासा. तपकिरी डाग दंतवैद्याला याच आठवड्यात दाखवा. सासूबाईंनाही सोबत न्या. बाळ रडलं की बाटली देणारा हात बहुतेक त्यांचाच असेल.

प्रश्न : साखरेपेक्षा गूळ दातांना बरा ना? गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत घरात तिळगूळ, चिक्की सतत असते.

जंतूंना दोन्ही सारखेच. चिक्की तर जास्त वेळ चिकटून राहते. तिळगूळ जेवणासोबत खा, डबा मात्र समोर उघडा ठेवू नका.

प्रश्न : घरच्यांना (वय ३८) हल्ली शेंगाचटणी फार झोंबते. कडक भाकरी मोडून तोंडात घालतानाही त्रास होतो. मावा (सुपारी-तंबाखूचा) खातात. तिखट कमी करू का?

ताई, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण यात दोष चटणीचा नाही. सुपारीने गालांच्या आतलं कातडं हळूहळू ताठ, पांढुरकं होत जातं. आधी तिखट झोंबतं, मग तोंड कमी उघडतं. गेलेलं उघडणं पूर्ववत होणं कठीण असतं आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. तंबाखू तो धोका आणखी वाढवते.

आज रात्री एक करा. त्यांना त्यांचीच तीन बोटं एकावर एक धरून, उभी, पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. मावली नाहीत तर उद्याच निघा. मावली तरी झोंबतंय, म्हणून तपासणी चुकवू नका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांहून जास्त राहिला असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा. तिखट कमी केल्याने आग तेवढी शमेल. मावा मात्र आजच बंद व्हायला हवा. एकट्याने जमत नसेल तर तंबाखू सोडवण्याची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. फोन लावताना तुम्ही शेजारी बसा.