अँजिओप्लास्टीनंतर वडील दिवसभर बसून असतात: माझा अनुभव

ताई, अँजिओप्लास्टीला तीन महिने झाले, बाबा सकाळी अर्धा तास फिरून येतात आणि मग रात्रीपर्यंत टीव्हीसमोरून हलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे अगदी हेच चालायचं. गोळ्या, पथ्य, तंबाखू यांवर बोलत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

आमचा घात केला डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीने: 'विश्रांती घ्यावी.' किती दिवस, कशी, काही नाही. आईने ते ब्रह्मवाक्य मानलं, पाण्याचा पेलासुद्धा बाबांच्या हातात. फोन केला की काउंटरवरून उत्तर, 'फॉलोअपला विचारा.' फॉलोअपला ईसीजी, बीपी आणि 'छान, चालू ठेवा.' काय चालू ठेवा, बसणं? फार पुढे कळलं की त्याच इमारतीच्या तळमजल्यावर कार्डिअ‍ॅक रिहॅब, म्हणजे हृदयाच्या रुग्णांना देखरेखीखाली व्यायाम शिकवणारा विभाग, चालतं! एकानेही सांगू नये? तोवर बाबांच्या पायांतली ताकद गेली होती. जिन्यात धाप लागायची, ती हृदयाचीच समजून ते आणखी बसायचे.

बरं, हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. 1952 मध्ये अमेरिकेत लेव्हिन आणि लाउन या डॉक्टरांनी हार्ट अटॅकच्या रुग्णांना खाटेवरून उठवून खुर्चीत बसवलं, कारण तेव्हा कित्येक आठवडे झोपवूनच ठेवत. 1953 मध्ये लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास आला: दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी.

माझं स्पष्ट मत, सकाळच्या वॉकने दिवसभराचं बसणं माफ होत नाही. पोटऱ्या हलल्या की पायांतलं रक्त वर ढकललं जातं, जेवणानंतरची साखरही कमी चढते. म्हणून अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटं घरातच फेरी. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या सूचनांत बसण्याची तासांत मर्यादा दिलेली नाही, फक्त कमी बसा म्हटलंय, त्यामुळे माझा अर्धा तास म्हणजे काही नियम नव्हे. रिमोट लपवू नका, नुसती भांडणं होतात. कुंड्यांना पाणी, दाराची बेल, दूध आणणं ही कामं त्यांच्याकडे द्या आणि आईंना मध्ये पडू देऊ नका (हे सगळ्यात अवघड).

मी डॉक्टर नाही. बायपास झालेल्यांचं वेगळं, छातीचं हाड जुळेपर्यंत वजन उचलणं आणि हातांवर जोर देऊन उठणं टाळायचं असतं. पायांवर सूज, चक्कर किंवा हृदयाचं पंपिंग (रक्त ढकलण्याची ताकद) कमी असेल तर आधी विचारा. चालताना छातीत दुखलं तर थांबायचं, रेटायचं नाही. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी गोळी) चालू असेल तर स्मार्ट घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर विसंबू नका, त्या गोळीने ते कमीच दिसतात. चालता चालता बोलता येतंय ना, ते बघा.

पुढच्या भेटीत 'रिहॅबसाठी चिठ्ठी द्या' असं थेट मागा. आणि पॉलिसी आधी वाचा, ओपीडीतल्या फिजिओचे पैसे आमच्या मेडिक्लेममध्ये बसले नाहीत.