‘प्रश्नाला उत्तर’ की ‘प्रश्नाचे उत्तर’?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील ब्रिटिश संसदेवर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलेली शंका अशी आहे. त्यांच्या मसुद्यात एक वाक्य होते : ‘मजूरमंत्री मार्गारेट बाँडफील्ड यांनी कॉमन्स सभागृहात बेकारीच्या प्रश्नाचे उत्तर दिले.’ मुद्रितशोधकाने ‘प्रश्नाचे’ खोडून तेथे ‘प्रश्नाला’ केले. शाळेपासून आपण ‘खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ असेच वाचत आलो असताना ही दुरुस्ती कशासाठी, आणि दोन्ही रूपे चालत असतील तर त्यांत काही अर्थभेद आहे की हा केवळ आवडीनिवडीचा भाग आहे, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही रूपे शुद्ध आहेत. तरीही या वाक्यात मुद्रितशोधकाची दुरुस्ती योग्य आहे आणि, माझ्या मते, ती अपुरीही आहे.

आधी विभक्तीकडे पाहू. गणिताचे उत्तर असते, कोड्याचे उत्तर असते. ‘गणिताला उत्तर दिले’ असे कोणी म्हणत नाही. उलट आरोपाला, टीकेला, नोटिशीला उत्तर दिले जाते. ‘आरोपाचे उत्तर दिले’ हे कानाला लगेच खटकते. षष्ठी (‘चा-ची-चे’) वापरली की उत्तर हे त्या गणिताच्या किंवा कोड्याच्या मालकीचे होते : ते आधीपासून ठरलेले असते, एकच असते, आणि ते देणारा माणूस कोण आहे याला महत्त्व नसते. ‘ला’ लावला की चित्र बदलते. तेथे समोरून काहीतरी आलेले असते आणि त्याला सामोरे जाऊन बोलणारा माणूस महत्त्वाचा ठरतो. त्याचे बोलणे खरे की खोटे, पुरेसे की अपुरे, हा पुढचा विषय. परीक्षेत ‘प्रश्नांची उत्तरे लिहा’ म्हणतात, कारण ती उत्तरे परीक्षकाकडे आधीच तयार असतात. पुढारी मात्र ‘पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे’ देतात, आणि हा भेद आपली वृत्तपत्रे कोणताही नियम न सांगता बहुतेक वेळा पाळतात.

याला अपवाद नाहीत असे नाही. ‘पत्राचे उत्तर’ आणि ‘पत्राला उत्तर’ ही दोन्ही रूपे सर्रास चालतात आणि त्यांत फरक करता येत नाही. ‘या प्रश्नाला उत्तर नाही’ हे वाक्य तर वरच्या विवेचनाच्या विरुद्ध जाते असे वाटेल, कारण तेथे ‘ला’ असूनही आपण तोडग्याविषयीच बोलत असतो. पण तेथला ‘ला’ वेगळा आहे. ‘घराला दार नाही’, ‘विहिरीला पाणी नाही’ यांत जो आहे तो हा, असणे-नसणे दाखवणारा. क्रियापद ‘देणे’ असेल तेव्हाच आपला भेद नीट दिसतो.

आता खरी अडचण, आणि ती ‘प्रश्न’ या शब्दातच आहे. मराठीत प्रश्न विचारलाही जातो आणि पडतोही; त्याला उत्तर मिळते, तसा तो सुटतो, चिघळतो, भिजत पडतो. पाण्याचा प्रश्न, घरांचा प्रश्न, बेकारीचा प्रश्न यांत कोणी काही विचारलेले नसते. त्यामुळे ‘बेकारीच्या प्रश्नाचे उत्तर दिले’ या वाक्याचा सरळ अर्थ ‘बेकारीवर तोडगा काढला’ असा होतो, आणि ब्रिटनच्या त्या काळाच्या इतिहासात यापेक्षा चुकीचे विधान शोधून सापडणार नाही. रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे दुसरे मजूर सरकार जून १९२९ मध्ये आले तेव्हा नोंदणी झालेले बेकार सुमारे ११ लाख होते. १९३० संपताना तो आकडा २५ लाखांवर गेला होता. बाँडफील्डबाई त्या देशाच्या मंत्रिमंडळातील पहिल्या स्त्री मंत्री. सभागृहात त्यांना उत्तर देण्यास उभे राहावे लागले ते प्रामुख्याने बेकारी विमा आणि त्यातील भत्ता यांवर : अमुक गावात किती जणांचे अर्ज फेटाळले गेले, भत्त्यासाठी आपण ‘खरोखर काम शोधत आहोत’ हे अर्जदारानेच सिद्ध करण्याची अट केव्हा जाणार, आणि अशाच गोष्टी. (ती अट १९३० च्या कायद्याने गेली.) बेकारी हटवण्याच्या योजनांचे काम मॅकडोनाल्ड यांनी दुसऱ्याच मंत्र्याकडे, लॉर्ड प्रिव्ही सील असलेल्या जे. एच. टॉमस यांच्याकडे सोपवले होते. त्यांच्या मदतीला दिलेल्या ऑस्वाल्ड मोझ्ले यांनी सार्वजनिक कामांचा मोठा आराखडा मांडला, तो नाकारला गेला आणि मे १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे ‘बेकारीच्या प्रश्नाचे उत्तर’ शोधणे हे बाँडफील्डबाईंच्या खात्याचे कामही नव्हते. ज्यांचे होते त्यांनाही ते सापडले नाही.

म्हणून नुसते ‘प्रश्नाला’ करून भागत नाही. ‘बेकारीच्या प्रश्नाला उत्तर दिले’ यातही वाचक क्षणभर अडखळतो, कारण ‘बेकारीचा प्रश्न’ ही जोडी इतकी रुळलेली आहे की कान तिला फोडायला तयार होत नाही. ‘बेकारीविषयीच्या प्रश्नाला’ किंवा, त्याहून चांगले, ‘बेकारी भत्त्यावरील प्रश्नाला उत्तर दिले’ असे लिहावे. विषय नेमका सांगितला की संदिग्धता आपोआप जाते.

सभागृहातील प्रश्नोत्तरांची रीत पाहिली तर तेथे ‘ला’च का शोभतो हे आणखी स्पष्ट होईल. त्या काळी कॉमन्सचे कामकाज सोमवार ते गुरुवार दुपारी पावणेतीनला सुरू होई आणि सुरुवातीच्या औपचारिक कामानंतर पावणेचारपर्यंतचा वेळ तोंडी प्रश्नांचा असे. तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नापुढे छापील यादीत तारा असे. ही पद्धत १९०२ च्या सुधारणांनंतरची, आणि आपल्या विधिमंडळातील ‘तारांकित प्रश्न’ त्याच ताऱ्याचा वारस आहे. प्रश्नांची गर्दी इतकी वाढली की एका सदस्याला एका दिवशी तीनपेक्षा अधिक तारांकित प्रश्न विचारता येऊ नयेत असे १९२० मध्ये ठरले. मूळ प्रश्न आधी कळवलेला, त्याचे उत्तर खात्यातील अधिकाऱ्यांनी लिहून दिलेले. मंत्र्याचा खरा कस लागे तो आयत्या वेळी उठणाऱ्या पुरवणी प्रश्नांत. अशा ठिकाणी उत्तर हा गणिताचा ताळा नसतो. समोरून आलेला चेंडू कसा परतवला, एवढेच तेथे बघितले जाते.

त्या परतवण्याचे काही ठरीव साचे होते. सन्माननीय सदस्यांनी आपण अमुक तारखेला दिलेले उत्तर पाहावे. ही बाब स्थानिक अधिकाऱ्यांच्या कक्षेतील आहे. पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी असल्याने दुसरा भाग उद्भवत नाही. यांतला दुसरा साचा १९३१ नंतर फार उपयोगी पडला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून विम्याचा हक्क संपलेल्या बेकारांना ‘मीन्स टेस्ट’ लागू झाली, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या ऐपतीची चौकशी. मुलाची मजुरी, म्हाताऱ्या आईचे पेन्शन, पोस्टातली शिल्लक असे सगळे मोजून भत्ता ठरे. चौकशी करणार स्थानिक सार्वजनिक साहाय्य समित्या. त्यामुळे एखाद्या कुटुंबाचा भत्ता तुटल्याची तक्रार सभागृहात आली की मजूरमंत्री हेन्री बेटरटन यांना समितीकडे बोट दाखवता येई. परंतु रॉदरहॅम आणि डरहॅम येथील समित्या सढळ हाताने भत्ता देतात असे दिसल्यावर १९३२ मध्ये त्याच मंत्रालयाने त्यांचे काम काढून घेऊन आपले आयुक्त नेमले. हात आखडणाऱ्या समितीच्या कक्षेत ढवळाढवळ करता येत नव्हती, सढळ समितीच्या कक्षेत मात्र करता आली. अशा मंत्र्याने ‘प्रश्नाला उत्तर दिले’ असेच म्हणावे. ‘प्रश्नाचे’ म्हणणे त्याच्यावर उपकार ठरतील.

जॅरोचे उदाहरण थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. ईशान्य इंग्लंडमधील हे गाव पामर यांच्या जहाजबांधणी कारखान्यावर जगत होते आणि तो बंद पडल्यावर गावात काम म्हणून उरले नाही. गावकऱ्यांचे शिष्टमंडळ १९३६ मध्ये व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांना भेटले, तेव्हा जॅरोने आपला उद्धार आपणच करून घ्यावा अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ऑक्टोबरात सुमारे २०० पुरुष जवळपास ३०० मैल चालत लंडनला आले, आणि ४ नोव्हेंबरला तेथील खासदार एलन विल्किन्सन यांनी ११ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सभागृहात सादर केला. रन्सिमन यांनी त्या दिवशी जॅरोविषयीच्या प्रश्नावर सांगितले ते असे की, जॅरोतील बेकारीची स्थिती समाधानकारक नसली तरी गेल्या काही महिन्यांत ती सुधारली आहे. विरोधी बाकावरून च्यूटर ईड यांनी या निर्धास्तपणावर कडक शब्दांत टीका केली, आणि सभागृह पुढच्या कामाकडे वळले. आता हा प्रसंग मराठीत लिहिताना ‘रन्सिमन यांनी जॅरोच्या प्रश्नाचे उत्तर दिले’ असे लिहून पाहावे. वाक्य व्याकरणात बसते आणि वस्तुस्थितीत बसत नाही. ‘जॅरोविषयीच्या प्रश्नाला रन्सिमन यांनी उत्तर दिले’ हे मात्र अक्षरशः खरे आहे.

मग षष्ठी कधी वापरावी? जेथे तोडगा खरोखर निघाला, निदान त्याचा काही अंश तरी हाती आला, तेथे. घरांच्या बाबतीत असे एक उदाहरण आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये घरबांधणीचा विषय आरोग्यमंत्र्याकडे असे, हे मराठी वाचकाला चमत्कारिक वाटेल आणि लेखात एका वाक्यात सांगून टाकावे. १९१९ मध्ये आरोग्य मंत्रालय स्थापन झाले तेव्हापासून स्थानिक स्वराज्य संस्थांचा कारभार त्याच्याकडे आला आणि त्यासोबत घरेही आली. पहिल्या मजूर सरकारचे आरोग्यमंत्री जॉन व्हीटली यांनी १९२४ मध्ये केलेल्या कायद्याने नगरपालिकांना भाड्याची घरे बांधण्यासाठी अनुदान मिळाले, आणि त्या कायद्याखाली पुढे सुमारे ५ लाख घरे उभी राहिली. ‘व्हीटली यांच्या कायद्याने घरांच्या प्रश्नाचे एक उत्तर दिले’ हे वाक्य मी बेलाशक पास करीन. ‘एक’ हा शब्द मात्र काढू नये, कारण ती घरे मुख्यतः स्थिर मजुरी असलेल्या कामगारांच्या आवाक्यातली होती आणि झोपडवस्तीतील सर्वांत गरीब माणूस बहुतांशी बाहेरच राहिला. त्यांच्या वस्त्या पाडून नवी घरे देण्याचा कायदा आर्थर ग्रीनवुड यांनी १९३० मध्ये आणला.

शेवटी, शंका विचारणाऱ्या वाचकांच्या मसुद्यातील अनुवादित भागाविषयी. मंत्र्यांच्या उत्तरातील ‘दुसरा भाग उद्भवत नाही’ हा साचा तेथे ‘दुसऱ्या प्रश्नाची गरज नाही’ असा उतरवला आहे, तो बदलावा. महाराष्ट्र विधिमंडळाच्या छापील याद्या पाहिल्यात तर प्रश्नकर्ता मंत्र्याकडे ‘खुलासा’ मागतो, ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असे उतरत्या पायऱ्यांनी विचारतो, आणि शेवटच्या पायरीवर मंत्र्याचे उत्तर पुष्कळदा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे येते. ही शैली वेस्टमिन्स्टरमधूनच, म्हणजे ब्रिटिश संसदेतूनच, आपल्याकडे आली, मराठीत मुरली, आणि वाचकाला ती ओळखीची आहे. बाँडफील्ड, बेटरटन, रन्सिमन यांच्या तोंडी तीच घालावी. ‘खुलासा’ हा शब्द मात्र प्रश्नकर्त्याकडेच ठेवावा. मंत्र्याने खुलासा ‘केला’ असे लिहिण्यापूर्वी त्याने तो केला होता की नाही, हे कामकाजाच्या नोंदीत पाहून घ्यावे.